संगणक-कारागिराची हत्यारे

आपल्या शहापूर-मुरबाडकडे भातकापणीला जो मजूर येतो, तो आपला विळा आपल्याबरोबर घेऊन येतो. शेत मालकाचे, पीक मालकाचे, मजुरीचा भावही बहुधा मालकच ठरवतो. पण विळा मजुराचा. त्याची मूठ त्याच्याच तळहाताने झिजलेली असते आणि धार किती घासल्यावर कशी लागते हे त्याच्यावाचून दुसऱ्याला ठाऊक नसते. सुताराचा वाकस, रंधा, पटाशी यांचेही तसेच. शेजारी मागायला आला तर सुतार एक वेळ पैसे उसने देईल, पटाशी देणार नाही. गिरणीत गेलेल्या माणसाची गोष्ट निराळी. तेथे माग गिरणीचा. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांतील सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि पुढे त्यांतले पुष्कळजण कायमचेच घरी बसले, तेव्हा वीस-वीस, तीस-तीस वर्षांचे कसब त्यांच्या बोटांत शाबूत होते. ते चालवायला घरात माग मात्र नव्हता. काहीजण भिवंडीच्या यंत्रमागांकडे वळले, म्हणजे एका मालकाच्या मागावरून दुसऱ्या मालकाच्या मागावर गेले.

कामगारांत तीस वर्षे वावरल्यामुळे मला एक खोड जडली आहे. कोणताही नवा धंदा पाहिला की मी प्रथम विचारतो, येथे हत्यार कोणाचे? पगार किती, हा प्रश्न मागाहून. आजचे माझे बोलणे त्याच खोडीतून निघालेले आहे.

सकाळी आसनगाव-वाशिंदच्या लोकलमध्ये आणि मुरबाडहून कल्याणला जाणाऱ्या एस.टी.त पाठीवर पिशवी अडकवलेली तरुण मुले-मुली आपण रोज पाहतो. ऐरोलीला जातात, अंधेरीला सीप्झमध्ये जातात, पवईला जातात. काय काम करतो, असे विचारले तर आईबाप सांगतात, "कॉम्प्युटरवर असतो." त्यांच्या मनात कॉम्प्युटर हेच हत्यार असते. वस्तुतः कॉम्प्युटर ही नुसती लोहारशाळा झाली. भाता आहे, ऐरण आहे. पण सांडशी कोणती, घण कोणता, कानस कोणती, हे अजून सांगायचे राहिलेच. प्रोग्रामर जी हत्यारे वापरतो ती लोखंडाची नसून लिहिलेली असतात. त्याचे हत्यारही प्रोग्रामच आणि त्यातून घडणारी वस्तूही प्रोग्रामच. सुताराने लाकडाच्या पटाशीने लाकूड तासावे तसा हा प्रकार आहे, आणि त्यामुळेच बाहेरच्या माणसाला तो चटकन उमगत नाही.

या हत्यारांत तीन मुख्य. पहिले लिहिण्याचे, त्याला एडिटर म्हणतात. ही पाटी आहे, पण खोडता येणारी, ओळी पुढेमागे हलवता येणारी, हजार पानांतून एक शब्द क्षणात शोधून देणारी. दुसरे हत्यार कंपायलर. हे समजायचे तर तहसील कचेरीबाहेर बसणारा अर्जनवीस आठवा. आपण आपल्या बोलीत गाऱ्हाणे सांगतो आणि तो ते सरकारला कळेल अशा भाषेत उतरवतो. यंत्राला फक्त शून्य आणि एक कळतात. माणसाला तसे लिहिणे जिवावर येते. मधला अर्जनवीस म्हणजे कंपायलर. आणि चांगला अर्जनवीस जसा मध्येच लेखणी थांबवून "सर्व्हे नंबर राहिला" म्हणून टोकतो, तसा चांगला कंपायलरही कितव्या ओळीत काय चुकले ते सांगतो. वाईट अर्जनवीस काहीच सांगत नाही. अर्ज परत आल्यावर आपल्याला समजते. तिसरे हत्यार डीबगर. लेथवर काही बिघडले की जाणता फिटर मोटर बंद करून चक हाताने एकेक फेरा फिरवून पाहतो. डीबगर प्रोग्राम तसाच एकेक ओळ चालवून दाखवतो. 'बग' म्हणजे किडा. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क टू या यंत्रात खरोखरच एक पतंग अडकलेला सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवून ठेवला गेला. शब्द मात्र त्याहून जुना आहे; विजेचे काम करणारे लोक तो एडिसनच्या काळापासून वापरीत.

आता हा इतिहास आपल्या दारापासून सुरू करू. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रा. नरसिंहन यांच्या हाताखालच्या तरुण मंडळींनी १९५६ मध्ये एक नमुना-यंत्र चालू करून दाखवले आणि १९६० मध्ये पूर्ण आकाराचा संगणक उभा केला. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला 'टिफ्रॅक' हे नाव दिले. त्याची स्मरणशक्ती २०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. आज खिशातल्या साध्या फोनमध्ये याच्या लाखो पट जागा असते. पण ध्यानात घ्या की ही माणसे यंत्र स्वतः जोडीत होती आणि यंत्राला सांगायचे तेही यंत्राच्याच भाषेत, आकड्यांत, कागदी पट्टीला भोके पाडून सांगत होती. अर्जनवीस नव्हताच. कारागीर आणि हत्यार यांच्यात अंतर नव्हते, हे त्या कामाचे सुख. आणि एका लहानशा हिशेबाला दिवसच्या दिवस लागत, हे त्याचे दुःख.

१९६४ मध्ये त्याच संस्थेत सी.डी.सी. ३६०० हा मोठा अमेरिकन संगणक आला आणि त्याच्याबरोबर फोरट्रान ही भाषा आली. ही भाषा जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आय.बी.एम. कंपनीत तयार केलेली, १९५७ सालची. गणिताचे सूत्र जवळजवळ वहीत लिहितो तसे लिहावे आणि कंपायलरने ते यंत्राच्या भाषेत न्यावे, ही सोय झाली. परंतु हत्यार आता काचेच्या खोलीत गेले. प्रोग्रामरने कागदावर लिहायचे, दुसऱ्याने पत्त्यांवर भोके पाडायची, तिसऱ्याने गठ्ठा यंत्रात घालायचा, आणि उत्तर मिळायचे ते कित्येक तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी. एक स्वल्पविराम चुकला तरी दुसरा दिवस. ज्याला आपले हत्यार हातात घ्यायला चिठ्ठी द्यावी लागते आणि वाट पाहावी लागते, तो कारागीर कसला, तो रांगेतला अर्जदार.

याच काळात कामगार संघटनांचा आणि संगणकाचा पहिला सामना झाला. आयुर्विमा महामंडळाने संगणक आणायचे ठरवले तेव्हा कलकत्त्याच्या इलाको हाउसमध्ये कर्मचाऱ्यांनी तो आत येऊ नये म्हणून पहारे दिले. केंद्र सरकारने १९६९ मध्ये आपल्या पुण्याच्या गोखले संस्थेचे प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली स्वयंचलनाविषयी समिती नेमली. तिचा अहवाल १९७२ साली आला. पुढे ८ सप्टेंबर १९८३ रोजी बँक कर्मचारी संघटना आणि बँकांचे व्यवस्थापन यांच्यात यंत्रे बसवण्यासंबंधी करार झाला. या सर्व झगड्याला आज पुष्कळजण हसतात. मी हसणार नाही. खुर्च्या जातील ही भीती खोटी नव्हती. बँकेतल्या किती टेबलांवरची माणसे गेली ते कोणत्याही शाखेत जाऊन पाहावे. तथापि जे करार माझ्या वाचनात आले, त्यांत किती यंत्रे, कोठे, आणि चालवणाऱ्याला भत्ता किती, याचा काथ्याकूट भरपूर आहे. पण यंत्रात जो प्रोग्राम आहे तो कोणाचा, तो वाचायचा अधिकार कोणाला, याचा शब्द नाही. यंत्र दिसते, प्रोग्राम दिसत नाही. जे दिसत नाही त्यावर वाटाघाट कशी करणार?

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आय.बी.एम.ने टेबलावर बसणारा संगणक विकायला काढला. ही कंपनी तोवर भारतातून निघून गेली होती. परकी भांडवलाच्या कायद्याप्रमाणे आपला हिस्सा कमी करायला ती तयार झाली नाही आणि १९७८ मध्ये तिने गाशा गुंडाळला. पण तिच्या यंत्राच्या नकला इकडे बनू लागल्या आणि नोव्हेंबर १९८४ च्या नव्या संगणक धोरणानंतर त्या कचेऱ्याकचेऱ्यांतून दिसू लागल्या. काचेची खोली संपली. यंत्र टेबलावर आले आणि त्याच्याबरोबर हत्यारेही फ्लॉपी नावाच्या चौकोनी तबकडीवर हाती आली. डीबेस हे त्यांतले आपल्या भागातील कारखान्यांना सर्वांत परिचित असलेले. पगारपत्रक, हजेरी, गोदामाची नोंद, सगळे त्यात.

या डीबेसचा एक गुण मला प्रत्यक्ष अनुभवाने ठाऊक आहे. १९९३ च्या सुमारास मुंबई-आग्रा रस्त्यालगतचा एक कारखाना बंद होत होता आणि कामगारांना ग्रॅच्युइटीचे छापील तक्ते वाटले गेले. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याचे सूत्र सोपे होते. महिन्याचा पगार भागिले २६, म्हणजे दिवसाचा पगार. तो गुणिले १५. आणि तो गुणिले नोकरीची वर्षे. शेवटच्या वर्षाचे सहा महिन्यांहून अधिक भरले असतील तर ते पूर्ण वर्ष धरायचे. पगार २,६०० रुपये आणि नोकरी १९ वर्षे ७ महिने, तर वर्षे २० आणि रक्कम ३०,००० रुपये. तक्त्यावर होते २८,५००. निम्म्याहून अधिक नावांना असाच एका वर्षाचा फटका. विचारायला गेलो तर उत्तर मिळाले, "हे कॉम्प्युटरने काढले आहे." जणू कॉम्प्युटर म्हणजे ग्रामदैवताचा कौल!

त्या यादीत कारखान्याच्या हिशेबनिसाचेही नाव होते, म्हणून एक फ्लॉपी आमच्यापर्यंत पोचली. टोकावड्याकडचा एक मुलगा कल्याणला कॉम्प्युटरचा वर्ग करून आला होता. त्याने ती यंत्रात घातली आणि प्रोग्राम उघडला. डीबेसचा प्रोग्राम म्हणजे साधी अक्षरे. कोणत्याही एडिटरमध्ये उघडावी आणि वाचावी. तिसऱ्या पडद्यावर ती ओळ सापडली. नोकरीचे दिवस भागिले ३६५, आणि जे येईल त्याचा अपूर्णांक सरळ कापून टाकायचा. १९.५८ आले की १९. ज्याने लिहिले त्याला कायद्यातली सहा महिन्यांची तरतूद माहीत नसावी, किंवा कोणी सांगितली नसावी. मी हेतूचा आरोप करीत नाही. ती एक ओळ कागदावर छापून आम्ही बोलणीच्या टेबलावर ठेवली आणि आठ दिवसांत तक्ते बदलून आले.

पण त्या मुलाने मला जे सांगितले ते जास्त महत्त्वाचे होते. हाच प्रोग्राम क्लिपर नावाच्या कंपायलरमधून काढला असता तर फ्लॉपीवर नुसती यंत्रभाषा आली असती. प्रोग्राम चालला असता, तक्ते छापून आले असते, चूकही तीच राहिली असती. फक्त आपल्याला ती ओळ वाचता आली नसती. अर्जनविसाने अर्ज लिहून मूळ टिपण फाडून टाकावे, तसे. तेव्हापासून मला या हत्यारांत रस वाटू लागला. फॉक्सप्रो मी स्वतः शिकलो, रात्री, संघटनेच्या कचेरीत कोणाच्या तरी टाकाऊ यंत्रावर, आणि ग्रॅच्युइटीचे, थकबाकीचे हिशेब आम्ही आमचे काढू लागलो.

टेबलावरच्या संगणकाच्या इतिहासात ज्या हत्याराने कारागिराला वेड लावले ते टर्बो पास्कल. १९८३ च्या नोव्हेंबरात बोरलँड या अमेरिकेतील कंपनीने ते काढले. मूळ कंपायलर अँडर्स हेल्सबर्ग या डेन्मार्कच्या तरुणाने लिहिलेला. तोपर्यंत कंपायलर शेकडो डॉलरांना मिळत. हा ४९ डॉलर ९५ सेंटांना. शिवाय एडिटर आणि कंपायलर एकाच प्रोग्रामात, आणि तो सगळा ४० किलोबाइटांच्या आत! आज मोबाइलवर येणारे शुभेच्छांचे एक चित्र याहून मोठे असते. लिहावे, कळ दाबावी, चूक असेल तर दर्शक आपोआप त्या ओळीवर जाऊन उभा. ज्यांनी पत्त्यांचे गठ्ठे देऊन दुसऱ्या दिवसाची वाट पाहिली होती त्यांना काय वाटले असेल! वर्डस्टारच्याच कळा त्यात चालत, त्यामुळे टंकलेखनाकडून आलेल्याला नवे काही शिकावे लागत नसे. १९८७ मध्ये त्याच घराण्यातले टर्बो सी आले आणि मग टर्बो सी प्लस प्लस. निळा पडदा, पिवळी अक्षरे. आपल्या महाराष्ट्रात ज्याने गेल्या तीस वर्षांत कॉम्प्युटरचा कोणताही अभ्यासक्रम केला आहे, त्याच्या डोळ्यांसमोर तो पडदा आत्ता उभा राहिला असेल.

येथे मला थोडे कडू बोलायचे आहे. टर्बो सी हे आपल्या काळात उत्तम हत्यार होते. पण तो काळ डॉसचा. सी भाषेचे प्रमाण रूप १९८९ साली ठरले, सी प्लस प्लसचे १९९८ साली. जगभर लोक पुढे गेले. आपल्याकडील अनेक महाविद्यालयांत मात्र २०१० नंतरही तोच निळा पडदा. नव्या यंत्रावर तो चालेना, तर डॉसबॉक्स नावाचा खोटा डॉस आत बसवून त्यात तो चालवला गेला. म्हणजे ट्रॅक्टरला जू बांधून नांगर जोडण्याचा प्रकार. पडदा पुसण्याचा 'क्लिअरस्क्रीन' आणि कळीची वाट पाहण्याचा 'गेटकॅरेक्टर' हे हुकूम त्या एका कंपनीच्या हत्यारात होते, भाषेत नव्हते. पण आमच्या मुलांना ते भाषेचेच भाग म्हणून घोकायला लावले. कारण उघड आहे. छापील प्रश्नसंच तयार, तोंडी परीक्षेची उत्तरे तयार, शिकवणाऱ्यालाही नवे शिकायला नको. मुंबईत घरी इंटरनेट असलेल्या मुलाने हे अंतर स्वतः भरून काढले. खर्डी-किन्हवलीच्या, सरळगावच्या मुलाला कोण सांगणार? तो मुलाखतीला जातो, समोर लिनक्सचे काळे यंत्र येते, आणि तीन वर्षे शिकलेल्या पहिल्याच ओळीला कंपायलर नकार देतो. मुलगा हुशार असतो. त्याला हत्यार मात्र आजोबांचे दिलेले असते. अशी मुले मी पाहिली आहेत आणि त्यांनी परत येऊन गोदामात पहारेकरी म्हणून केलेल्या नोकऱ्याही पाहिल्या आहेत.

ते लिनक्सचे यंत्र आले कोठून, तो या इतिहासातला मला सर्वांत आवडणारा भाग. १९६९ मध्ये अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही प्रणाली रचली. तेथेच १९७२ च्या सुमारास रिचींनी सी भाषा घडवली. त्यांचे धोरण आपल्या बलुतेदारीसारखे होते. प्रत्येक हत्यार लहान, एकच काम करणारे, पण एकाचे काम दुसऱ्याच्या हाती सहज देता येणारे. १९७६ मध्ये बर्कली विद्यापीठातील बिल जॉय या विद्यार्थ्याने 'व्हीआय' हा एडिटर लिहिला. त्याची तार इतकी मंद होती की पडद्यावर सेकंदाला जेमतेम तीस अक्षरे उमटत. म्हणून हुकूम एकेका अक्षराचे. ज्या यंत्रावर तो बसे त्याच्या कळफलकावर बाणाच्या खुणा एच, जे, के, एल या चार कळांवर छापलेल्या होत्या. म्हणून दर्शक हलवायला त्याच कळा. ते यंत्र भंगारात जाऊन युगे लोटली, तरी आजही तरुण मुले त्याच चार कळांवर बोटे ठेवतात. हत्याराच्या मुठीला पहिल्या कारागिराच्या हाताचा आकार राहतो, तो असा.

त्याच वर्षी एम.आय.टी. या संस्थेत रिचर्ड स्टॉलमन आणि गाय स्टील यांनी 'ईमॅक्स' घडवला. हा एडिटर म्हणजे नुसती पाटी नव्हे; त्यातच बसून त्यालाच नवे अवयव जोडता येतात. व्हीआय चांगला की ईमॅक्स, यावरून प्रोग्रामर मंडळींत पन्नास वर्षे जी भांडणे चालली आहेत, तेवढी म्हशाच्या जत्रेत बैलाच्या जोडीवरूनही होत नसतील. मला त्या भांडणाचे कौतुक वाटते. ज्याला हत्याराचा अभिमान नाही तो भांडेल कशाला?

स्टॉलमन यांच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा एक छपाईचा लेझर प्रिंटर होता. त्यात कागद अडकला की वरच्या मजल्यावरच्या माणसाला कळत नसे. जुन्या प्रिंटरचा प्रोग्राम त्यांनी स्वतः दुरुस्त केला होता. या नव्याचा प्रोग्राम मागितला तर ज्याच्याकडे होता तो म्हणाला, मी कंपनीला वचन दिले आहे, देता येणार नाही. आमच्या ग्रॅच्युइटीच्या फ्लॉपीची आणि या प्रिंटरची जात एकच. या नकाराने पेटून सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी 'ग्नू' ही योजना जाहीर केली. सर्व हत्यारे नव्याने लिहायची, मूळ लिखाणासकट सर्वांना द्यायची, आणि घेणाऱ्याने सुधारून पुढे देताना तीच मोकळीक पुढच्याला द्यायची. १९८५ मध्ये ग्नू ईमॅक्स, १९८७ मध्ये जी.सी.सी. हा कंपायलर, १९८९ मध्ये या देवघेवीचा कायदेशीर परवाना. १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने या हत्यारांना साजेसा लिनक्सचा गाभा लिहिला आणि वर्तुळ पुरे झाले. त्याच वर्षी ब्राम मूलेनार या डच गृहस्थाने व्हीआयची सुधारलेली आवृत्ती 'व्हिम' काढली. किंमत शून्य, आवडल्यास युगांडातील अनाथ मुलांना मदत करा, एवढेच मागणे. मूलेनार २०२३ साली वारले. व्हिम उघडला की युगांडाच्या मुलांविषयीची ती ओळ पडद्यावर येते.

फुकट आणि मोकळे यांत फरक आहे, याचा दाखला टोरवाल्ड्स यांनाच मिळाला. लिनक्सवर जगभर हजारो माणसे काम करीत. कोणी कोणती ओळ केव्हा बदलली याची वही ठेवणारे हत्यार लागे. त्यासाठी ते बिटकीपर वापरीत. ते एका कंपनीच्या मालकीचे, पण यांना विनामूल्य दिलेले. एप्रिल २००५ मध्ये वाद होऊन कंपनीने ती सवलत काढून घेतली. मालकाने झोपडी राहायला दिली होती, ती रिकामी करायला सांगितली. टोरवाल्ड्स यांनी काम थांबवून काही दिवसांतच स्वतःचे हत्यार लिहायला घेतले आणि त्याच महिन्यात ते कामाला लावले. तेच गिट. आज जगातल्या बहुतेक प्रोग्रामरांची रोजची वही तीच आहे.

आपल्या मराठीचे या सगळ्यात काय झाले, ते थोडक्यात सांगतो. आय.आय.टी. कानपूरमध्ये सुरू झालेले भारतीय लिप्यांचे काम १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेत आले. 'जिस्ट' नावाचे कार्ड यंत्रात बसवले की डीबेस, वर्डस्टारसारख्या इंग्रजी प्रोग्रामांच्या पडद्यावर देवनागरी उमटे. १९८८ च्या 'इस्की' या भारतीय संकेतावरूनच युनिकोड या जागतिक संकेतातला देवनागरीचा तक्ता घेतला गेला. मधल्या काळात प्रत्येक कंपनीचा टंक निराळा, त्यामुळे एका छापखान्यात जुळवलेले पत्रक दुसऱ्या छापखान्यात उघडले की 'कामगार बंधूंनो'च्या जागी कावळ्याची पावले. विंडोज २००० बरोबर 'मंगल' हा देवनागरी टंक आला. तो आखणारे प्रा. र. कृ. जोशी, आपले सुलेखनकार आणि कवी. आता पायथॉन भाषेच्या २००८ पासूनच्या आवृत्तीत 'पगार' हे नाव देवनागरीत लिहून त्यात आकडा ठेवता येतो. 'जर' आणि 'तोवर' मात्र अजून इंग्रजीतच लिहावे लागते. मुंबईच्या आय.आय.टी.ने प्रा. कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकाराने 'स्पोकन ट्युटोरियल' नावाचे धडे केले आहेत. लिनक्स, सी, पायथॉन यांचे ते धडे मराठी निवेदनासह विनामूल्य मिळतात. निळ्या पडद्यावर शिकलेल्या मुलांना मी प्रथम त्यांच्याकडे पाठवतो.

अलीकडच्या वर्षांत हत्यारे पुन्हा भाड्याने मिळू लागली आहेत. २०१५ च्या सप्टेंबरात जेटब्रेन्स या प्रागच्या कंपनीने जाहीर केले की यापुढे आमचे एडिटर विकत मिळणार नाहीत, मुदतीच्या वर्गणीवर मिळतील. वर्गणी थांबली की हत्यार बंद. जगभरच्या प्रोग्रामरांनी इतका गलका केला की दोन आठवड्यांत कंपनीला माघार घेऊन तोड काढावी लागली. वर्षभर वर्गणी भरली तर त्या वर्षाच्या आरंभीची आवृत्ती कायमची तुमची. ना युनियन, ना मोर्चा, ना नोटीस. तरी तो सामुदायिक सौदाच होता, आणि त्या मंडळींना ते ठाऊकही नसेल. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल स्टुडिओ कोड हा एडिटर विनामूल्य दिला आणि तो आज सर्वाधिक वापरात आहे. ऐरोलीला जाणारी आपली मुले बहुधा त्यातच लिहितात.

२०२१ च्या जूनमध्ये त्याच घराण्यातून कोपायलट आला. आपण ओळ लिहू लागावे आणि त्याने पुढच्या दहा ओळी सुचवाव्यात. एका वर्षाने त्याचे भाडे ठरले, महिना दहा डॉलर. पुढे थोडका वापर फुकटही केला. हे हत्यार यंत्रावर नसते, दूर कंपनीच्या कोठारात असते. आणि ते शिकले कशावरून? हजारो कारागिरांनी आपले लिखाण सर्वांसाठी उघड्यावर ठेवले होते, त्यावरून. त्यांतल्या काहींनी नोव्हेंबर २०२२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायालयात दावा लावला की परवान्यात नाव सांगण्याची अट होती, ती मोडली. २०२४ मध्ये न्यायाधीशांनी त्यांचे बहुतेक मुद्दे फेटाळले. करारभंगाचा मुद्दा मात्र चालू ठेवला.  विळ्याच्या पात्यात आमचे लोखंड आहे, हे मान्य करा, असे दावा लावणाऱ्यांचे म्हणणे आहे.